पानांच्या आधी फूल

दिल्लीजवळच्या मानेसरला शहतुताचे झाड डिसेंबरच्या मध्यापासून उघडे पडू लागते. शीशमही त्याच सुमारास पाने टाकतो आणि जानेवारीत शिरीषावर नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळत राहतात. गृहसंकुलांच्या बागांत हा पेटुनिया आणि झेंडूच्या वाफ्यांचा काळ. झाडांच्या बुंध्याभोवतीची जमीन मात्र झाडलोट करून मोकळी ठेवलेली असते. एरवी जिथे गर्द सावली असते, तिथे या दोन-अडीच महिन्यांत चांगले ऊन उतरते. ही जागा बहुतेक बागांत वाया जाते, आणि हिवाळ्यात फुलणाऱ्या कंदांसाठी तिच्याइतकी चांगली जागा बागेत दुसरी नसते.

याचे कारण जंगलात सापडते. युरोपातल्या ओक आणि बीचच्या पानगळीच्या जंगलात उन्हाळाभर जमिनीपर्यंत फार थोडा उजेड पोचतो. हिवाळा सरताना झाडे अजून निष्पर्ण असतात, पण दिवस मोठा होऊ लागलेला असतो. त्या फटीत जमिनीवरची कंदवर्गीय झाडे आपले सगळे काम उरकतात. स्नोड्रॉप जानेवारी-फेब्रुवारीत, कधी बर्फातूनही वर येतो. मग पिवळा विंटर ॲकोनाइट, निळी सिला, आणि एप्रिल-मेमध्ये जंगलच्या जंगल निळे करून टाकणारी ब्लूबेल. वर पानांचे छत मिटेपर्यंत यांची फुले, बिया आणि पुढच्या वर्षाचा अन्नसाठा असे सारे आटोपलेले असते. जूननंतर जमिनीवर त्यांची खूणही राहत नाही.

हे इतक्या घाईने जमते, कारण तयारी आधीच झालेली असते. घरातला कांदा उभा चिरून पाहिला तरी रचना कळते: तळाशी चकतीसारखे आखूड खोड, त्यावर अन्नाने जाड झालेल्या पानांचे पापुद्रे आणि मधोमध कोंब. नर्गिसाच्या कांद्यात या कोंबाजवळ पुढच्या हंगामाचे फूल आदल्या उन्हाळ्यातच आकाराला येते. म्हणजे ऑक्टोबरमध्ये रोपवाटिकेतून कांदा घरी आणला जातो तेव्हा फेब्रुवारीचे फूल त्यात सूक्ष्म रूपात बसलेले असते. माळ्याच्या हाती उरते ते त्याला वाट करून देणे. फुलानंतर पाने हिरवी असेतोवर त्यांना हात न लावणे हे मात्र पूर्णपणे माळ्याच्या हाती असते, कारण तीच पाने पुढच्या वर्षीचे फूल घडवत असतात. बाग नीटनेटकी दिसावी म्हणून मार्चमध्ये ही पाने कापून टाकली जातात आणि पुढच्या वर्षी कांदा फुलत नाही. मग दोष विक्रेत्याला दिला जातो.

या झाडांच्या आणखी दोन करामती सांगायलाच हव्यात. अनेक कांद्यांना आकसणारी मुळे असतात. ती आखडली की कांदा मातीत खाली खेचला जातो आणि वरवर पडलेला छोटा कांदाही काही हंगामांत आपल्याला हव्या त्या खोलीवर जाऊन बसतो. स्नोड्रॉप आणि सिला यांच्या बियांना स्निग्ध गराचा छोटा भाग चिकटलेला असतो. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात, गर खातात आणि बी तिथेच टाकतात. थंड जंगलात फेब्रुवारीत फुलणाऱ्या झाडाचा प्रसार असा मुंगीच्या पायांवर होतो.

मग मानेसरला स्नोड्रॉप का लावू नये? कारण त्याला नुसता हिवाळा पुरत नाही, उन्हाळाही सौम्य लागतो. जंगलातल्या या कांद्यांना पूर्ण कोरडे पडणे सोसत नाही. झाडाखालच्या पालापाचोळ्यात त्यांना वर्षभर थोडी ओल आणि गारवा मिळतो. म्हणूनच इंग्लंडमधले जाणकार स्नोड्रॉपची वाटणी पाने हिरवी असतानाच करतात, सुके कांदे शक्यतो लावत नाहीत. मानेसरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांना भिडतो, लू वाहते, आणि जूनच्या अखेरीला त्याच तापलेल्या जमिनीवर पाऊस कोसळतो. दिल्लीत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख २७ जून. मानेसर तिथून फार लांब नाही. गरम आणि ओली माती ही कांद्याचा तळ कुजवणाऱ्या फ्युजेरियम बुरशीची आवडती जागा. स्नोड्रॉप, ब्लूबेल, विंटर ॲकोनाइट यांची पाकिटे कितीही सुंदर दिसली तरी दिल्लीच्या परिसरात ती घेऊ नयेत, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

ट्यूलिपचा प्रश्न वेगळा आहे. तो मुळात जंगलाच्या सावलीतला नाही, मध्य आशियाच्या उघड्या डोंगरउतारांवरचा आहे. फूल नीट वर यायला त्याच्या कांद्याला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. मानेसरच्या जानेवारीत रात्री गारठतात, कधी शून्याजवळ जातात, पण दुपारी ऊन २० अंशांच्या आसपास नेऊन ठेवते. दिल्लीत नवी दिल्ली नगरपालिका शांतिपथावर आणि आसपास जी ट्यूलिपची रांग फुलवते, तिचे बहुतेक कांदे हॉलंडहून मागवलेले आणि थंडी दाखवून तयार केलेले असतात. फेब्रुवारीत काही आठवडे ते डोळ्यांचे पारणे फेडतात. ती सार्वजनिक सोहळ्याची फुले आहेत. घरच्या बागेत तोच कांदा दुसऱ्या वर्षी फुलेल अशी आशा धरू नये. देशातच कांदे वाढवण्याचे काम हिमाचलात पालमपूरच्या सीएसआयआर संस्थेने हाती घेतले आहे, आणि त्यासाठी हिमालयाची उंची लागते यातच सगळे आले.

मानेसरच्या हिवाळ्याला जुळणारे कांदे येतात ते उन्हाळा कोरडा आणि हिवाळा ओला असलेल्या मुलखांतून. भूमध्य समुद्राच्या काठचा नर्गिस, म्हणजे एका दांड्यावर झुबक्याने सुवासिक फुले देणारा नार्सिसस; दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले फ्रीझिया, स्पॅरॅक्सिस आणि इक्सिया; भूमध्याकाठचेच ॲनिमोन आणि रॅननक्युलस. शेवटचे दोन खरे कांदे नाहीत. ॲनिमोनचा वेडावाकडा गड्डा असतो आणि रॅननक्युलसच्या मुळांचा पंजा. पण लावण्याची वेळ या सगळ्यांची एकच. यातल्या नर्गिसाच्या पांढऱ्या जातींना फुलण्यासाठी थंडीच्या लांब मुदतीची गरजच नसते. त्या मैदानी भागात डिसेंबर-जानेवारीतच फुलतात.

लावणीची घाई हीच सर्वांत जास्त नडते. पुण्याहून, चाकणहून वाहन कारखान्यांच्या नोकरीपायी मानेसरला आलेल्या मराठी कुटुंबांना दसऱ्याच्या सुमारास बागेला हात घालायची सवय असते. इथे मात्र दसऱ्याला माती अजून तापलेली असू शकते. रात्रीचे तापमान २० अंशांखाली स्थिरावले की मगच कांदे जमिनीत जावेत; साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. जागा निवडायची ती डिसेंबरमध्ये पाने झडणाऱ्या झाडाखालची: शहतूत, शीशम, शिरीष, सावर. कडुनिंब चालत नाही, कारण तो पाने टाकतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि लगेच नवी पालवी घेतो. आंबा, बकुळ, अशोक यांच्याखाली तर वर्षभर सावलीच. बुंध्याला अगदी खेटून न लावता फांद्यांच्या घेराच्या कडेला, दक्षिणेच्या बाजूला लावले तर नोव्हेंबरातही थोडे तिरपे ऊन मिळते आणि झाडाच्या मुळांशी स्पर्धा कमी होते.

मातीच्या बाबतीत मानेसर भाग्यवान आहे. दख्खनच्या काळ्या मातीत पाणी धरून राहते आणि कांदा सडतो. अरवलीच्या पायथ्याची ही माती वाळूमिश्रित, पाणी झटकन सोडणारी आहे. तिचा अल्कलीपणाही नर्गिसाला मानवतो. तिला कमी असतो तो सेंद्रिय अंश, म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी तिथेच कुजवून वापरावा. ताजे शेणखत मात्र कांद्याला लागू देऊ नये. खोली कांद्याच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट. फ्रीझियाचे छोटे गड्डे पाच सेंटिमीटरवरही चालतात. लावताना एकदा भरपूर पाणी, नंतर कोंब दिसेपर्यंत जेमतेम ओल. बोअरचे पाणी खारे असेल तर पावसाचे साठवलेले पाणी थोडे तरी राखून ठेवावे.

मार्च संपता संपता पारा ३५ च्या वर जातो आणि पाने पिवळी पडू लागतात. पाणी तोडायचे ते आता. एप्रिलच्या अखेरीस पाने पूर्ण वाळली की कांदे काढून, सावलीत सुकवून, जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी टांगून ठेवावेत. जमिनीत राहिले तर मेच्या उष्म्यात ते टिकतील, पण जुलै-ऑगस्टच्या पावसात बरेचसे कुजतील. आणि एक खरी अडचण: पानांना इथे चारेक महिनेच मिळतात. त्यामुळे कांदे दरवर्षी थोडे लहान होत जातात आणि दोन-तीन वर्षांनी नवे घ्यावे लागतात. नर्गिस त्यातल्या त्यात चिवट.

इथवर बाग परक्या जंगलांच्या वेळापत्रकावर चालली. पण पानगळीची जंगले भारतातही आहेत, आणि त्यांच्या जमिनीवरही अशीच एक फट दरवर्षी उघडते. युरोपात ती थंडी आणि सावली यांच्या मधे असते. सह्याद्रीत ती उन्हाळा आणि सावली यांच्या मधे असते. साग, ऐन, पळस, सावर फेब्रुवारीपासून निष्पर्ण होतात, मे महिन्यात वळीव पडतो, जूनमध्ये मान्सून येतो आणि जुलैत रान पुन्हा गच्च होते. वळीव ते आषाढ एवढ्या काळात जमिनीवरच्या कंदांना ओल आणि उजेड एकदम मिळतात. आपल्याकडचा कंदांचा वसंत हा असा मे-जूनमध्ये येतो, आणि बागकामाच्या पुस्तकांनी त्याला फार कमी जागा दिली आहे.

यातले काही कंद तर पावसाचीही वाट पाहत नाहीत. भुईचाफा घ्या. आल्या-हळदीच्या कुळातली ही वनस्पती, शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा. ऐन उन्हाळ्यात पानाचा पत्ता नसताना कोरड्या जमिनीतून थेट फूल वर येते: पांढऱ्या पाकळ्या, जांभळी पसरट ओठाळी आणि गोड वास. फुले संपल्यावर पावसात पाने येतात, मागून जांभळट झाक असलेली. कोकणात जुन्या घरांच्या परसात तो दिसतो. रानकांद्याचेही तसेच. हा खरा पापुद्र्यांचा कांदा, आणि उन्हाळ्यात त्याच्यातून नुसता उंच दांडा येतो. त्यावरची मातकट रंगाची फुले संध्याकाळनंतर उमलतात. पानांचा झुबका पावसात.

शेवळा पहिल्या पावसाबरोबर येतो. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत जूनमध्ये त्याच्या जुड्या दिसतात. काकडाची फळे घालून केलेली त्याची भाजी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना या हंगामाची ओढ वेगळी सांगावी लागत नाही. भाजीसाठी खुडतात तो फुलोरा, आणि तोही पानाच्या आधी उगवतो. मागोमाग रानहळदीचे गुलाबी तुरे, कळलावीच्या ज्वाळा, फोडशीची पाने.

दीपकाडीकडे विशेष लक्ष द्यावे. कातळावरच्या आणि डोंगरमाथ्यांवरच्या गवतात पावसाळ्यात तिचे नाजूक दांडे डोलतात. ती ज्या उपकुळात येते त्याच उपकुळात युरोपची ब्लूबेल आणि हायसिंथ येतात. म्हणजे इंग्रजी कवितांनी जगभर नेलेल्या त्या निळ्या फुलाची चुलत बहीण आपल्या सड्यांवर उभी असते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी तिच्या काही जातींचे पहिले वर्णन केले. त्याच महाविद्यालयातल्या फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी १९५० च्या दशकात फर्नांडिस यांच्यासह सफेद मुसळीच्या एका जातीचे वर्णन करताना बोरिवलीचे नाव तिला दिले: क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. लोकलच्या स्थानकाचे नाव मिरवणारी ही कंदवर्गीय वनस्पती औषधी म्हणून इतकी उपटली गेली की पुढे तिची शेतीच करावी लागली. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाचे अधीक्षक राहिलेले जी. मार्शल वुड्रो यांच्या नावावर क्रायनम वुड्रोई ही सह्याद्रीतली दुर्मीळ कंदलिली आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पती उद्यानात अशा दुर्मीळ कंदांची जपणूक होत आली आहे. ही परंपरा मोठी आहे, पण घरच्या बागेपर्यंत ती पोचलेली नाही. ती पोचायला हवी.

मानेसरला या दुसऱ्या वसंताची सोय करता येते. शहतूत आणि शीशम एप्रिलपर्यंत पानांनी भरतात, आणि हिवाळ्यात जी उन्हाची जागा होती ती आता लूपासून आडोसा देणारी होते. भुईचाफा २५ ते ३० सेंटिमीटरच्या कुंडीत, निम्मा कुजलेला पाला मिसळलेल्या मातीत, सकाळचे ऊन मिळेल असा ठेवावा. नोव्हेंबरात पाने वाळली की पाणी पूर्ण बंद करून कुंडी घराच्या आत किंवा व्हरांड्यात न्यावी. कोरड्या मातीत निजलेल्या कंदाला मानेसरची थंडी फारशी बाधत नाही, ओल्या मातीत मात्र तो सडतो. मार्चपासून थोडे थोडे पाणी सुरू करावे आणि वाट पाहावी. फूल एक-दोन दिवसच टिकते, पण एकामागून एक येत राहते. आफ्रिकेतल्या झाडीतली फुटबॉल लिलीही याच जागी शोभते. एप्रिल ते जूनदरम्यान तिचा लालभडक गोळा बहुधा पानांच्या आधी किंवा पानांबरोबर वर येतो. तिच्या कांद्याचे टोक मातीच्या पातळीवर ठेवतात, खोल पुरत नाहीत. कडेला रेन लिली लावल्या तर पहिल्या सरींनंतर काही दिवसांत त्या फुलतात.

मानेसरच्या भोवतीच्या अरवलीतही कंद आहेत. धौ आणि पळसाच्या रानात रानकांदा, मुसळी पावसाच्या तालावर वर येतात. पण या टेकड्यांचा मोठा भाग विलायती कीकरने व्यापला आहे. परदेशातून आणून लावलेले हे झाड जवळपास वर्षभर हिरवे राहते आणि त्याच्या दाटीत खालच्या वनस्पतींना वाव उरत नाही. गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान ही खाणींनी पोखरलेली जमीन होती. २०१० पासून तिथे कीकरच्या जागी अरवलीची मूळची झाडे लावत गेले, आणि २०२२ मध्ये संरक्षित क्षेत्राबाहेरील संवर्धनस्थळ म्हणून मान्यता मिळालेले ते देशातले पहिले ठिकाण ठरले. वरची झाडे पानगळीची झाली की खालच्या कंदांची फट परत उघडते. पावसाळ्यात तिथे खाली बघत चालावे.

कंद लावणाऱ्याने एक खबरदारी न विसरता घ्यावी. यातले बहुतेक विषारी आहेत. नर्गिसाचा कांदा स्वयंपाकाच्या कांद्यासारखा दिसतो आणि खाल्ल्यास उलट्या होतात. रानकांद्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. कळलावीतले कोल्चिसिन जीवघेणे ठरू शकते. लहान मुले किंवा कुत्रा असलेल्या घरात साठवणीची पिशवी उंच टांगावी आणि तिच्यावर नाव लिहावे. याच विषारी कुळांतून औषधेही आली. स्नोड्रॉपमधून १९५० च्या दशकात वेगळे केलेले आणि नर्गिसातही असलेले गॅलेंटामाइन हे द्रव्य आज अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाते. ते डॉक्टरांच्या हातचे औषध. बागेतून काढून घेण्याची गोष्ट नव्हे.

खरेदी करताना कांदा हातात घेऊन बघावा. तो टणक आणि वजनदार असावा, तळाची चकती कोरडी आणि निरोगी असावी, बुरशीचा वास येऊ नये. आकाराने मोठ्या कांद्यात फुलाची खात्री जास्त असते, म्हणून दहा लहानांपेक्षा चार मोठे घेतलेले परवडतात. देशी कंद घेताना मात्र तो कुठून आला हे विचारायलाच हवे. स्नोड्रॉपच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार आज साइट्स करारानुसार परवान्याखाली आहे, कारण तुर्कस्तानातल्या जंगलांतून ते पोत्यांनी उपसले जात होते. आपल्या दीपकाडी, क्रायनम, रानहळदी यांच्यावर तशी पाळी येऊ नये. वाफ्यात किंवा कुंडीत वाढवलेले कंद साधारण एकसारखे, त्यांची मुळे शाबूत असतात. रानातून खणलेले लहानमोठे, कुदळीचे घाव बसलेले, लाल जांभ्याची माती चिकटलेले असतात. असे कंद कितीही स्वस्त मिळाले तरी विक्रेत्याकडेच राहू द्यावेत, आणि त्याला कारणही सांगावे.